व्होल्ट वाहत नाहीत

नववीच्या विज्ञानात धाराविद्युतचा पाठ आला की आपल्या मुलांची गाडी ‘विभवांतर’ या शब्दाशी अडते. व्याख्या तोंडपाठ असते, गुणही पडतात. पण लोणी काळभोरला विहारात संध्याकाळी अभ्यास घेताना आम्ही ‘तारेतून काय वाहते?’ असे विचारले, की निम्मी मुले हमखास सांगतात, ‘दोनशे तीस व्होल्ट!’

व्होल्ट वाहत नाहीत. वाहतो तो विद्युतप्रभार. तो वाहावा म्हणून दोन ठिकाणच्या विभवात जो फरक लागतो, ते विभवांतर. आम्ही मुलांना सरळ कालव्यावर नेतो. खडकवासल्याचे पाणी हडपसरवरून लोणीपर्यंत येते ते उतारामुळे. तिथली पातळी वर, इथली खाली. दोन्ही सारख्या असत्या तर पाणी जागचे हललेच नसते. एक कूलोम प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत नेताना एक ज्यूल कार्य झाले, तर त्या दोहोंत एक व्होल्ट. म्हणजे व्होल्ट म्हटले की ‘कोणत्या दोन ठिकाणी?’ हे आधी विचारायचे. म्हणूनच व्होल्टमीटर बल्बच्या दोन टोकांना समांतर जोडतात आणि अॅमीटर वाटेतच, एकसर. कारण कळले की घोकावे लागत नाही.

टॉर्चचे दोन सेल घ्या, प्रत्येकी दीड व्होल्टचे. सुलट लावले की तीन व्होल्ट, बल्ब पेटतो. एक सेल उलटा करा, बल्ब विझतो. सेल भरलेले, तार शाबूत, पण टोकांत फरकच उरला नाही. धम्म ‘एहिपस्सिको’ आहे, या आणि पाहा. विज्ञानाची रीतही तीच. एका मुलीने सेल पाच वेळा उलटसुलट करून पाहिला, तेव्हा कुठे तिचे समाधान झाले. आम्हाला ते तिच्या गुणांहून अधिक आवडले.

तारेवर पाखरू निवांत बसते, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर असतात. आपण ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून फेजला हात लावला, तर एक टोक 230 व्होल्टला, दुसरे जमिनीला, आणि मधली तार आपण. पत्र्याच्या घरात कपडे वाळत घालायची लोखंडी तार विजेच्या वायरला घासत असेल तर आयाबहिणींनी ती आजच काढावी, नायलॉनची दोरी बांधावी. रेल्वेच्या तारेत तर 25 हजार व्होल्ट. मालगाडीच्या डब्यावर चढणाऱ्याला तारेला हात लावावाही लागत नाही, जवळ गेला तरी वीज झेप घेते.

बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचे धोरणही त्यांच्या खात्याकडे होते. 1944 साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ झाले ते याच काळात. मजुरांच्या मंत्र्याकडे वीज कशी, असे मुले विचारतात. वीज मुबलक आणि स्वस्त झाल्याशिवाय उद्योग वाढत नाहीत, आणि उद्योगाशिवाय कष्टकऱ्यांचे दारिद्र्य हटत नाही, अशी त्यांची मांडणी होती.

वस्तीच्या टोकाला, डीपीपासून लांबच्या घरांत, संध्याकाळी बल्ब पिवळा पडतो. का? मुलांनी ओहमचा नियम लावला. तारेलाही रोध असतो. तो 2 ओहम धरला आणि धारा 15 अँपिअर, तर 30 व्होल्ट वाटेतच संपले. शेवटच्या घराला उरले 200. हे झाले कागदावर. आता वस्तीतल्या वायरमनभाऊंना बरोबर घेऊन डीपीजवळचे घर आणि शेवटचे घर, दोन्हीकडे त्यांच्या हातून मल्टीमीटर लावून घ्यायचा असे मुलांनी ठरवले आहे. दोन्ही आकडे, तारीख आणि वेळ अर्जात लिहायची आहे. अर्जाचा कच्चा मसुदा त्या सेलवाल्या मुलीकडे आहे.