खोगिराची शिलाई

तिएरी हर्मेसने १८३७ साली पॅरिसमध्ये काढलेला कारखाना घोड्यांच्या साजाचा होता. गिऱ्हाइके बग्ग्यांतून हिंडणारी, त्यामुळे लगाम, तंग, पट्टे असाच माल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोगीर आणि बूट एकत्र नेण्यासाठी तिथे एक उंच, पट्ट्यांनी आवळायची बॅग निघाली. आजच्या महागड्या हँडबॅगेचे कूळ शोधत गेले की असे तबेल्यात पोहोचायला होते. पुढे रस्त्यांवर मोटारी आल्या आणि साज शिवणारे हात प्रवासाच्या सामानाकडे वळले. शिलाई मात्र तीच राहिली.

ही शिलाई एका दोऱ्याची आणि दोन सुयांची. मेण चोळलेल्या लिननच्या दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक बोथट सुई ओवतात. कातड्याचे तुकडे लांब लाकडी चिमट्यात धरून कारागीर तो चिमटा गुडघ्यांत दाबतो, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. टाक्यांच्या खुणा दातेरी हत्याराने आधीच ठोकलेल्या असतात. आरीने भोक पाडायचे, दोन्ही सुया समोरासमोरून त्याच भोकातून काढायच्या आणि दोरा दोन्हीकडे सारख्याच जोराने ओढायचा. सगळी मेख या ओढीत आहे. जोर कमीजास्त झाला की टाक्यांची रांग बिघडते. आरी जराशी तिरपी गेली की पुढची बाजू सुबक आणि मागची गबाळी दिसते. यंत्राच्या शिलाईत वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत नुसते अडकलेले असतात, एक तुटला की शिवण उसवत जाते. इथे प्रत्येक भोकातून दोरा दोनदा गेलेला असतो, त्यामुळे एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात. घोडा उधळलेला असताना लगाम उसवणे म्हणजे स्वाराच्या जिवाशी गाठ. ही खबरदारी तिथली. हँडबॅगेवर एवढा ताण कधी येत नाही, हे मान्यच करायला हवे.

शिवून झाल्यावर कडा घासून, रंगवून, मेण देऊन एकजीव करतात. जाणकार बॅग हातात घेतली की कुलपाआधी कडा बघतो.

हर्मेस कंपनीची केली बॅग तिथल्याच रोबेर दुमा याने १९३० च्या दशकात बेतली. १९५६ मध्ये अभिनेत्री ग्रेस केलीचे ती बॅग हातात असलेले छायाचित्र गाजले, तरी तिचे नाव बॅगेला रीतसर मिळाले ते १९७७ साली. बर्किन बॅग १९८४ ची. विमानात अभिनेत्री-गायिका जेन बर्किनच्या शेजारी बसलेल्या हर्मेसच्या तेव्हाच्या प्रमुखाने, जाँ-लुई दुमाने, तान्ह्या मुलांच्या आईला पुरेल अशी बॅग नाही ही तिची तक्रार ऐकली आणि तिथेच आराखडा काढला. अशी एक बॅग साधारणपणे एकच कारागीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत शिवतो.

जुलै २०२५ मध्ये जेन बर्किनची मूळ बॅग पॅरिसच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली. त्या आकड्यात शिलाईची मजुरी शोधू नये; तो पैसा नावाचा. दुकानातल्या बॅगेच्या किमतीतही नावाचा आणि मागणीपुढे तोकड्या पडणाऱ्या पुरवठ्याचा वाटा मोठा असतो. हाताच्या शिलाईचा खरा फायदा दुरुस्तीच्या वेळी दिसतो: झिजलेले टाके उसवून त्याच भोकांतून बॅग पुन्हा शिवता येते.