मुहूर्त कुणाचा?

बावीस प्रतिज्ञा आपल्याला पाठ आहेत. ब्राह्मणाच्या हातून कोणताही विधी करणार नाही, ही त्यातलीच एक. तरी भिवंडीतल्या आमच्या वस्तीत लग्न निघालं की कुणीतरी हळूच म्हणतं, ‘त्या दिवशी भद्रा नाही ना? बघून घ्या.’ भटजी दारातून गेला, पण भिंतीवरच्या कॅलेंडरात बसून राहिला.

तर हे पंचांग उघडूनच बघू. तिथी, वार, नक्षत्र, योग, करण ही पाच अंगं. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढं सरकला की एक तिथी संपते. अशा ३० तिथ्यांचा महिना. बारा महिन्यांचे सुमारे ३५४ दिवस भरतात, सूर्याच्या वर्षाहून ११ कमी. ती तूट भरायला ३२-३३ महिन्यांनी अधिक मास येतो. हे गणित आहे. त्याच्याशी आपलं भांडण नाही. वैशाख पौर्णिमा आपणही त्याच चंद्रावर धरतो.

भांडण पुढं आहे. अर्ध्या तिथीला करण म्हणतात. त्यातल्या विष्टी करणाला भद्रा म्हणायचं नि शुभकार्य बंद ठेवायचं. दिवसाचे आठ भाग करून एक राहूला द्यायचा. तोही नुसत्या वारावरून. राहू आकाशात कुठं आहे, ते कुणी बघतही नाही. हे भय कुणी घातलं, नि दक्षिणा कुणाच्या खिशात गेली?

मी लूम चालवतो. बारा तासांची पाळी. राहुकाळ रोज येतो नि जातो, शेठ कधी म्हणत नाही, ‘दीड तास बस.’ लूम थांबतो तो लाइट गेल्यावर. मीटर बुडतात, मजुरी बुडते. आमची ही अशुभ वेळ कुठल्या पंचांगात छापलीय?

बहिणीचं लग्न आम्ही शुक्रवारी धरलं, कारण कारखान्याला सुट्टी. चुलते म्हणाले, ‘अरं, आवस हाय.’ आई म्हणाली, ‘भावजी, आवसेला भूक लागायची राहती का?’ लग्न त्याच दिवशी लागलं.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही १४ ऑक्टोबर १९५६ ला दसराच निवडला. निवडला, पण अशोक विजयादशमी म्हणून. साडेतीन मुहूर्तांतला एक म्हणून नव्हे. इतिहास बघून दिवस धरणं वेगळं, भिऊन धरणं वेगळं.

जोतीरावांच्या सत्यशोधक समाजानं २५ डिसेंबर १८७३ ला भटाविना लग्न लावलं. त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. पुढच्या लग्नाची तारीख काढताना एवढंच विचारा: सुट्टी आहे का, पगार झालाय का, नि पोरीला तो दिवस चालतो का.