रिकाम्या हातांचा हंगाम

शिकारीच्या गोष्टी नेहमी यशाच्याच सांगितल्या जातात. वाघ किती लांब होता, शिंगं किती इंचांची होती, गोळी कुठं लागली, हे सारं रंगवून रंगवून सांगतात. ज्या दिवशी काहीच मिळालं नाही, त्या दिवसाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मी एका अख्ख्या हंगामाची गोष्ट सांगणार आहे. त्या हंगामात आमच्या बंदुकीतून एकही गोळी सुटली नाही.

१९६८-६९ चा तो हिवाळा. मी सतरा वर्षांचा होतो. मलेरियानं माझं कॉलेजचं वर्ष बुडालं होतं आणि हवापालटासाठी आईनं मला आजोळी, परतवाड्याजवळ मामांकडे पाठवलं होतं. मामांची संत्र्याची बाग होती. घराच्या ओसरीवर सांबराची शिंगं ओळीनं टांगलेली असत. ती सारी आजोबांनी मारलेल्या जनावरांची. पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. पण दोन वर्षांपूर्वी पक्षाघातानं त्यांची उजवी बाजू गेली आणि ओसरीतली खाट हेच त्यांचं जग झालं.

त्या वर्षी मामांनी प्रथमच स्वतःच्या नावानं शिकारीचा परवाना काढला. तेव्हा शिकार कायदेशीर होती. वनखातं जंगलाचे भाग पाडून ठरावीक दिवसांसाठी परवाने देई. आमच्या परवान्यावर एक सांबर आणि दोन रानडुकरं होती. अटी स्पष्ट होत्या : मादीवर आणि पिलावर गोळी झाडायची नाही, सूर्य मावळल्यावर बंदूक उचलायची नाही, पाणवठ्यावर दबा धरायचा नाही. आजोबा म्हणाले, “ओसरीवर एक खुंटी रिकामी आहे, लक्षात ठेव.” मामा काही बोलले नाहीत. पण त्या रिकाम्या खुंटीचं ओझं घेऊनच ते मेळघाटात शिरले, हे मला तेव्हाही कळत होतं.

धारणीच्या रस्त्यावर एसटीतून उतरून आम्ही बैलगाडीनं सिपना नदीच्या काठी गेलो. एक वयस्कर कोरकू वाटाड्या आमच्याबरोबर होता. मामांना तो मालक म्हणे आणि मी त्याला दादा म्हणत असे. पहिल्याच सकाळी त्यानं सरळ विचारलं, “मालक, जनावर नाही मिळालं तरी मजुरी मिळेल ना?” मामा म्हणाले, “मजुरी तुझ्या पायांची आहे, माझ्या नेमाची नाही.” दादा हसला आणि पुढं चालू लागला.

डिसेंबरच्या त्या खेपेत चौथ्या दिवशी सांबर दिसलं. सागाच्या वाळल्या पानांवर पाय पडला की पापड मोडल्यासारखा आवाज होई, म्हणून आम्ही ओढ्याच्या ओल्या वाळूतून चाललो होतो. वळणावर एक मादी उभी होती, तिच्यामागे पिल्लू. आणि त्यांच्या पलीकडे, करवंदीच्या जाळीवर, नुसती शिंगं! बाकीचा देह झाडोऱ्यात. मामांनी बंदूक खांद्याला लावली. मादी मध्ये होती. ती बाजूला होण्याची आम्ही वाट पाहत राहिलो. माझ्या कानात माझंच काळीज वाजत होतं. एवढ्यात वारा फिरला. मादीनं पुढचा पाय जमिनीवर आपटला, शेपूट ताठ केली आणि घंटेवर लाकूड मारावं तसा “ढांक” असा आवाज काढला. क्षणात तिघंही नाहीशी झाली. ती शिंगं मात्र अजून माझ्या डोळ्यांपुढं आहेत.

घरी परतलो तेव्हा आजोबांनी खाटेवरूनच विचारलं, “काय भेटलं रे?” मामा म्हणाले, “काही नाही.” आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मला राहवलं नाही. मी खाटेशी बसून ती मादी, ते पिल्लू, तो आवाज, सगळं सांगितलं. आजोबा ऐकत आहेत की नाही, कळेना. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, “वारा कोणत्या अंगानं होता?”

जानेवारीच्या खेपेत थंडी कडाक्याची होती. एका पहाटे डोंगरउतारावरून शिटी ऐकू आली. मला वाटलं, गुराखी असेल. दादानं बोटानं गप्प राहायला सांगितलं. ते रानकुत्रे होते. तांबूस अंगाचे, काळ्या झुपकेदार शेपटीचे सात-आठ कुत्रे एकमेकांना शिट्या घालत उतारावरून आले आणि एका सांबराला त्यांनी नदीच्या डोहात घातलं. सांबर छातीएवढ्या पाण्यात उभं राहिलं. कुत्रे काठावर बसले. कुणाला घाई नव्हती. मामांच्या हातात बंदूक होती आणि सांबर समोर होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, “ते त्यांचं आहे. आणि पाण्यात उभ्या जनावरावर गोळी झाडायची नसते.” ऊन वर येईपर्यंत आम्ही तिथं होतो. शेवट काय झाला ते पाहायला थांबलो नाही.

त्याच दिवशी परतताना आणखी एक गोष्ट घडली. सकाळी ज्या वाळूतून आम्ही गेलो होतो, तिथं आमच्या बुटांच्या ठशांवर वाघाची पावलं उमटली होती. एक पाऊल तर बरोबर माझ्या टाचेवर. आम्ही जनावर शोधत पुढं चाललो होतो आणि तो निवांतपणे आमच्या मागून येत होता! वाघ काही दिसला नाही. पण त्या रात्री मी शेकोटीपासून हललो नाही.

भर उन्हात सागाच्या फांदीवर बसलेलं एक लहानसं घुबडही त्या दिवसांत दिसलं. कुणी त्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. पुढं नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्यातच, शहाद्याजवळ, रानपिंगळा पुन्हा सापडल्याची बातमी आली. १८८४ नंतर तो कुणाला खात्रीनं दिसला नव्हता आणि बहुतेकांनी तो संपलाच असं मानलं होतं. नंतर मेळघाटातही त्याची नोंद झाली. आम्ही पाहिलेला साधा पिंगळा होता की रानपिंगळा, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण ती बातमी वाचताना मला ती फांदी आठवली.

आता घरी परतल्यावर आजोबांचा प्रश्न बदलला होता. “काय दिसलं रे?” असं ते विचारू लागले. रानकुत्र्यांची गोष्ट त्यांनी दोनदा सांगायला लावली. मग स्वतः बोलू लागले. पक्षाघातानं जीभ जड झाली होती, शब्द अडखळत होते, पण डोहात उभं राहिलेलं सांबर त्यांनीही तरुणपणी पाहिलं होतं. ती गोष्ट मामांनी पूर्वी कधी ऐकलीच नव्हती. चाळीस वर्षं बाप-लेकात बंदुकीचं बोलणं झालं होतं, रानाचं नाही.

मार्चमध्ये मोहाची फुलं पडू लागली होती. उजाडताना आम्ही झाडाजवळ पोचलो तर तिथं अस्वलीण होती, आणि तिच्या पाठीवर, केसांना गच्च धरून, दोन पिल्लं. ती फुलं खात होती. तिच्या सों-सों श्वासाचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. पिलांची माय वाघापेक्षा वाईट, म्हणून दादानं आम्हांला एका खडकाआड बसवलं. एक पिल्लू घसरलं, कुरकुरलं आणि पुन्हा चढलं. पोट भरल्यावर ती डुलत डुलत नाल्यात उतरली.

परवान्याची मुदत त्याच आठवड्यात संपली. मामांनी दादाला ठरल्याप्रमाणे पूर्ण मजुरी दिली. दादाच्या शेतात रानडुकरांनी केलेली नासाडी मात्र तशीच राहिली, आणि ती त्यानं बोलूनही दाखवली. त्याच्या दृष्टीनं आमचा हंगाम फुकटच गेला होता. आजही जंगलालगतच्या शेतकऱ्याचं हे दुखणं संपलेलं नाही. शहरात बसून वन्यप्राण्यांवर प्रेम करताना ते विसरू नये, असं मला वाटतं.

अस्वलिणीची गोष्ट ऐकून आजोबा हसले. आजारपणानंतर त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं. त्याच श्रावणात ते गेले. खुंटी रिकामीच राहिली आणि मामांनी पुन्हा परवाना काढला नाही. पुढं काळच बदलला. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ प्रकल्पांत आमचं मेळघाटही होतं. १९७२ च्या गणनेत देशात १,८२७ वाघ मोजले गेले होते. २०२२ च्या पाहणीत हा अंदाज ३,६८२ वर गेला. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, तरी मन सुखावतं.

आता माझी नातवंडं जिप्सीत बसून जंगलात जातात आणि “वाघ दिसलाच नाही” म्हणत तोंड पाडून परत येतात. मी त्यांना जवळ बसवतो आणि आजोबांचाच प्रश्न विचारतो, “मग काय दिसलं?” सुरुवातीला “काही नाही” म्हणतात. थोडा धीर धरला की हळूहळू सगळं बाहेर येतं : रस्ता ओलांडणारं मुंगूस, झाडावरची मधाची पोळी, कुठून तरी आलेली सांबराची हाक. तुमच्याही घरात मुलं अशी हिरमुसून आली, तर एवढं विचारून पाहा. आणि मग वारा कोणत्या अंगानं होता, तेही विचारा.