धाराशिवची वाट आणि संगणकाचा वेग

प्रवासाचा वेग कशानें ठरतो, असें कोणास पुसलें असतां ‘गाडीनें’ असें उत्तर बहुधा मिळतें. धाराशिव जिल्ह्यांत चार दिवस फिरल्यावर मात्र तो वाटेनें ठरतो, अशी आमची खात्री झाली. तेथेंच एका स्नेह्यांच्या घरीं याच न्यायानें संगणकाच्या एका प्रश्नाचा निकाल लागला. तो वाचकांच्या उपयोगीं पडण्याजोगा वाटल्यावरून येथें नमूद करीत आहों.

तेरणेच्या कांठचें तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत हें नगर पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचें सांगितलें आहे. येथील कापड व मलमल गाड्यांवर लादून बिनरस्त्याच्या मुलुखांतून भडोचच्या बंदरास जात असे. तेरच्या लामतुरे संग्रहालयांतील हस्तिदंती स्त्रीमूर्ति पाहिली म्हणजे येथील नागर जीवनाच्या संपन्नतेविषयीं शंका उरत नाहीं. माल उत्तम होता. परंतु तो पोंचावयाचा बैलांच्या पावलांनींच!

पुढें एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरानें बार्शी लाइट रेल्वे काढली. १८९७ सालीं ती कुर्डुवाडीहून बार्शीस आली व १९११ सालीं लातुरास पोंचली. तिच्या रुळांमधील अंतर अडीच फूट, तर मुंबईकडच्या मोठ्या मार्गाचें साडेपांच फूट. मोठी गाडी कितीहि वेगानें कुर्डुवाडीस येवो, माल तेथें उतरवून छोट्या डब्यांत भरावाच लागे. २००८ सालीं या मार्गाचें रुंदीकरण पुरें झालें व धाराशिव शहरहि त्यावर आलें. आज आपण डबा न बदलतां तेथें उतरतों.

आमचे स्नेही धाराशिवचेच. एकत्र कुटुंब, आणि घरांत सर्वांचा मिळून एक दहा वर्षांचा जुना संगणक. आजोबांनीं जमविलेला कुलवृत्तांत, लग्नकार्यांचीं छायाचित्रें, घरखर्चाचे हिशेब, मुलांचे अभ्यास, सारें त्यांतच. तो सुरू होईपर्यंत चहा होऊन जाई! धाकट्या काकांच्या मतें तो मोडींत काढावा. पुतण्या म्हणाला, “काका, सेकंदाला सात हजार मेगाबाइट वेगाची एसएसडी मिळते, ती बसवूं.” आजोबांना चिंता एकच, कीं या घाईंत कुलवृत्तांत गमावूं नये.

आम्हीं सुचविलें, “आधीं पेटी उघडून वाट पाहूं.” मदरबोर्डावर केवळ साटा जोडणी होती. तिची कमाल मर्यादा सेकंदाला ६ गिगाबिट. प्रत्यक्षांत सुमारें ५५० मेगाबाइट. सात हजारांची ड्राइव्ह एनव्हीएमई पद्धतीची. तिला एम-टू खांचा व पीसीआय एक्सप्रेसची चौथी पिढी हवी. तिसऱ्या पिढीच्या खांचेंत तीच साडेतीन हजारांच्या आसपास थबकते. कांहीं एम-टू खांचा तर फक्त साटाच्याच असतात; तेथें ती मुळींच चालत नाहीं. दिसावयास सारखें, पण रूळ निराळे!

मग साटानें काय साधणार? पुष्कळच. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते. वाचणारें टोक दर वेळीं जागा शोधीत सरकतें. विखुरलेले बारीक तुकडे ती सेकंदाला शंभराच्या आगेंमागेंच वाचते. आणि संगणक सुरू होतांना असेच तुकडे लागतात. एसएसडींत हलणारा भागच नाहीं, म्हणून ती असे हजारों तुकडे वाचते. घरकामांत जाणवतो तो हा फरक. साटा व एनव्हीएमई यांतील अंतर मुख्यतः मोठमोठे चित्रपट हलवितांना दिसतें.

साटाची एक टेराबाइटची एसएसडी घेण्याचें ठरलें. तीहि निवडतांना पेशी टीएलसी आहेत कीं क्यूएलसी, हमी किती वर्षांची, आणि किती लेखन होईपर्यंत ती लागू, हें पाहिलें. क्यूएलसी स्वस्त, परंतु दीर्घ लेखनांत मंदावते व तुलनेनें कमी टिकते. सर्व मजकूर प्रथम वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतला व ती डिस्क आजोबांच्या कपाटांत ठेवली. कारण एसएसडी बिघडली तर कित्येकदां पूर्वसूचनेवांचून बिघडते.

दुसऱ्या दिवशीं संगणक अर्ध्या मिनिटाच्या आंत सुरू झाला. मोडीचा बेत राहिला, पैसा वांचला. आजोबांनीं कुलवृत्तांताचें पहिलें पान स्वतः उघडून पाहिलें, तेव्हांच त्यांचें समाधान झालें.

तात्पर्य, खरेदीस निघण्यापूर्वीं आपल्या घरचे रूळ मोजावे. मदरबोर्डाची पुस्तिका पाहावी, खांच कोणती व कोणत्या पिढीची तें टिपून घ्यावें, आणि मगच दुकानाची पायरी चढावी. वाट अरुंद असतां वेगवान वाहनाचे अधिक पैसे मोजणें ही उधळपट्टीच होय.