हिऱ्याचा मुलामा

हिऱ्याचें नांव निघालें कीं आमच्या घरांतील स्त्रियांच्या डोळ्यांपुढें कुड्या उभ्या राहतात. म्हणून पुतण्यानें एके दिवशीं कारखान्यांतून पिस्टनची एक काळीभोर पोलादी पिन आणून "हिच्यावर हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप आहे" असें सांगितलें, तेव्हां मातुःश्रींनीं ती चष्म्याजवळ धरून एवढेंच विचारलें, "हिरा, आणि काळा?" प्रश्न सयुक्तिक होता.

हिरा व शिसपेन्सिलींतील ग्रॅफाइट हीं एकाच कार्बनचीं रूपें, हें वाचकांस ठाऊकच आहे. अणूनें चारी हातांनीं चार शेजारी धरले कीं हिरा. तिघांनाच धरून थर रचले कीं ग्रॅफाइट. या लेपांत दोन्ही तऱ्हांचे बंध अस्ताव्यस्त मिसळलेले असतात, आणि बहुधा हायड्रोजनही असतो. काठिण्य हिऱ्याकडचें, काळेपणा ग्रॅफाइटच्या घराण्याचा!

मग खरा हिराच कां चढवूं नये? वायूपासून हिरा जमवावयास सामान्यतः ७०० ते ९०० अंश सेल्सिअस उष्णता लागते, आणि तेवढ्या आंचेंत पोलादाला दिलेलें पाणी उतरतें. १९७१ सालीं अमेरिकेंत ऐझेनबर्ग व चॅबॉट यांनीं कार्बनच्या विद्युद्भारित कणांचा झोत सोडून हा लेप मिळविल्याचें प्रसिद्ध केलें. त्यास अशा भट्टीची गरज नव्हती. आज पुष्कळ ठिकाणीं निर्वात पेटींत अॅसिटिलीन सोडून तो विजेनें फोडतात. जिनसांवर ऋण दाब असल्यामुळें कण त्यांवर येऊन आदळतात. दुसऱ्या रीतींत ग्रॅफाइटचीच विजेच्या ठिणगीनें वाफ करितात. तेथें कणाची ऊर्जा सुमारें १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असली, तर तो पृष्ठाखालीं घुसून हिऱ्याचे बंध जुळवितो. फार कमी असली तर वरच बसून ग्रॅफाइट होतो, फार अधिक झाली तर तिच्याच उष्णतेनें जुळलेलें विसकटतें.

असें दाटीनें घुसविलेलें कार्बन आंत प्रचंड ताण कोंडून बसतें. दोन-तीन मायक्रॉनचा तो लेप जितका कठीण, तितका निसटावयास उतावीळ. यासाठीं आधीं क्रोमियमसारख्या धातूचा पातळ थर देतात. गेल्या वर्षीं पुतण्याच्या कारखान्यांत एक सबंध घाणा वाया गेला. धुण्यांत तेलाचा अंश राहिला होता, आणि जुन्या भिंतीचे पोपडे सुटावेत तसा लेप सुटला. नोकरीचें त्याचें पहिलेंच वर्ष; तीन दिवस पोरगा धड जेवला नाहीं. चूक कोणाची, हें ठरेपर्यंत घरांत कोणी मोठ्यानें बोललेंही नाहीं.

हल्लीं घड्याळांच्या जाहिरातींत हा लेप मोठ्या डौलानें मिरवितो. माझ्या मतें गिऱ्हाइकानें जात विचारावी ती येथें! खऱ्या हिऱ्याचें काठिण्य सुमारें १०० गिगापास्कल. हायड्रोजनविरहित उत्तम लेप ८० पर्यंत जातो. हायड्रोजनयुक्त बहुधा १० ते ३० च्या घरांत. घर्षणाचा स्वभावही निराळा. हायड्रोजनविरहित लेपाला गुळगुळीत सरकावयास दमट हवा मानवते. हायड्रोजनयुक्त लेप कोरड्या नायट्रोजनमध्यें किंवा निर्वातांत विलक्षण निसरडा असतो, पण आमच्या कोंकणांतील श्रावणासारखी हवा लागली कीं तोच अधिक घासूं लागतो. शिवाय ३००-४०० अंशांच्या पुढें तापविल्यास त्यांतील हायड्रोजन निघून जातो व उरलेलें कार्बन हळूहळू ग्रॅफाइटकडे वळतें.