घाटात अडकलेले आठशे चाळीस रुपये

दुकानात एखाद्या वस्तूचे पैसे चुकून दोनदा गेले, तर तुम्ही काय कराल? "परत मागू!" असे तुम्ही एका सुरात म्हणाल. अगदी बरोबर. मीही मागितले. चांगले भांडून मागितले आणि मिळवलेसुद्धा. पण ते मिळाल्यावर माझी जी फजिती झाली, ती आज तुम्हांला सांगणार आहे. आईबाबांनाही वाचून दाखवा बरं का, कारण ही चूक मोठ्या माणसांच्याच हातून जास्त होते.

मी लोणावळ्याजवळच्या कुसगावात राहते आणि प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्याकडचा पाऊस तुम्हांला ऐकून ठाऊक असेल. जुलै महिन्यात समोरचा डोंगरसुद्धा दिवसच्या दिवस दिसत नाही. वीज जाते आणि मोबाईलची रेंज तर लपंडावच खेळते. अशाच एका शनिवारची ही गोष्ट.

माझ्या वर्गात एकवीस मुले. सगळ्यांना चित्रकलेची वही आणि मेणखडूंची पेटी हवी होती. वही पंचवीस रुपयांची, पेटी पंधराची. म्हणजे एकाचे चाळीस आणि एकवीस जणांचे ८४०. पालकांनी पैसे पाठवले ते दहाच्या नोटा आणि नाणी अशा रूपात. कुणाचे आईवडील मजुरीला जातात, कुणाचे हॉटेलात काम करतात. एवढी चिल्लर कुठे नाचवायची, म्हणून मी ती घरी डब्यात ठेवली आणि दुपारी फोन घेऊन लोणावळ्याच्या बाजारात गेले.

दुकानदार काकांनी वह्या मोजून बांधल्या. मी फोनने त्यांच्या पाटीवरचा चौकोन टिपला, आकडा घातला, पिन दाबला. पडद्यावर चक्र फिरू लागले. फिरतेय, फिरतेय, थांबायचे नावच नाही! पैसे आले की मोठ्याने सांगणारी काकांच्या गल्ल्यावरची डबीही गप्प.

"बाई, पैसे काही आले नाहीत. परत टाका," काका म्हणाले.

मी परत टाकले. या वेळी डबी खणखणीत बोलली, "आठशे चाळीस रुपये प्राप्त झाले." मी गठ्ठा उचलला आणि रिक्षात बसले.

घरी येऊन पाहते तो काय! बँकेचे दोन संदेश. ४ वाजून ४२ मिनिटांनी ८४० रुपये वजा. ४ वाजून ४७ मिनिटांनी पुन्हा ८४० रुपये वजा.

झाले! माझे डोके तापले. "येत नाहीत, येत नाहीत म्हणून दोनदा घेतले!" असे मी मनाशी ठरवूनच टाकले. रविवारी सकाळी तडक दुकान गाठले. दुकानात चार-पाच गिऱ्हाइके होती. त्यांच्यासमोरच मी म्हटले, "काका, तुम्ही माझ्याकडून दोनदा पैसे घेतलेत."

काकांनी शांतपणे स्वतःचा फोन काढून दाखवला. "हे पाहा बाई, शनिवारी तुमचे एकदाच आलेत."

"मग हा दुसरा संदेश काय खोटा आहे?" माझा आवाज चढला. "मी ग्राहक तक्रार करीन!"

गिऱ्हाइके काकांकडे पाहू लागली. काका क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी गल्ला उघडला, आठशे चाळीस रुपये मोजून माझ्या हातात ठेवले आणि म्हणाले, "घ्या बाई. तुम्ही मुलांसाठीच नेलंय. बघू पुढे काय होतं ते."

मी विजयी वीरासारखी घरी आले. सोमवारी वर्गात तर मी यावर धडाच घेतला. फळ्यावर तीन नियम लिहिले : पावती घ्या. हिशेब तपासा. जास्त गेलेले पैसे न घाबरता मागा. मुलांना मी हेही सांगितले, की आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला आणि त्याला २४ डिसेंबरला मंजुरी मिळाली, म्हणून तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. आता त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा आहे. तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. बिल न देणे ही या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापार प्रथा आहे. आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे ग्राहकांना जागे करणारी ग्राहक पंचायत बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली आपल्याच पुण्यात सुरू केली! मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही वाटले, बाईंनी आज काय छान शिकवले!

बुधवारी संध्याकाळी भाकरी थापत होते. फोन वाजला. बँकेचा संदेश : "आपल्या खात्यात ८४० रुपये जमा."

अरेच्चा! हे कुठले?

मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. तुम्हीही हे गणित करून पाहा. माझ्याकडून गेले ८४० आणि ८४०. परत आले काकांचे ८४० आणि बँकेचे ८४०. उत्तर शून्य! म्हणजे एकवीस वह्या आणि एकवीस पेट्या मला फुकटात पडल्या होत्या. आणि काकांचे? त्यांना मिळाले ८४०, त्यांनी दिले ८४०. त्यांचेही उत्तर शून्य, पण माल मात्र गेला.

आता असे झाले कसे, ते सांगते. मुंबईकडून येणारी गाडी कर्जतहून सुटली, पण लोणावळ्याला पोहोचली नाही, तर ती हरवली असे आपण म्हणतो का? नाही. ती घाटात, मंकी हिलच्या आसपास कुठेतरी उभी असते. पैशांचेही तसेच आहे. माझ्या बँकेतून निघालेले पैसे काकांच्या बँकेत जायचे, तर मध्ये एक मोठे जंक्शन लागते. त्याचे नाव भारतीय राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळ. यूपीआय ही सोय त्यांनीच २०१६ साली सुरू केली. त्या दिवशी माझे पहिले ८४० माझ्या बँकेतून सुटले, पण काकांपर्यंत पोहोचलेच नाहीत. घाटात अडकले! अशा अडकलेल्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी एक नियम केला आहे. खात्यातून पैसे वजा झाले आणि दुकानदाराला ते मिळाल्याचे कळलेच नाही, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ते आपणहून परत करायचे. उशीर केला, तर दर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची. तीही न मागता! शनिवारचे माझे पैसे बुधवारी परत आले, ते असे.

म्हणजे काका अगदी खरे बोलत होते. आणि त्यांनी मला दिले, ते स्वतःच्या खिशातले होते.

मुलांनो, तुमच्यापासून लपवत नाही. त्या रात्री माझ्या मनात आले, की काकांना हे कुठे कळणार आहे? पाऊसही मुसळधार आहे. जाऊ कधीतरी. आणि खरे सांगू का, पैसे देणे जड नव्हते. चार माणसांसमोर जिथे आवाज चढवला, तिथे पुन्हा पाऊल टाकणे जड होते.

गुरुवारी मी वर्गात सगळे सांगून टाकले. वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, मग ते काका खोटं बोलत नव्हते ना? पण आम्ही घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, ते दुकानदार फसवतात म्हणून."

माझ्या पोटात धस्स झाले. दुकानाचे नाव मी वर्गात घेतले नव्हते, पण लहान गावात नाव घ्यावे लागत नाही.

"आज घरी जाऊन खरं काय ते सांगा," मी म्हटले, "आणि मी दुकानात जाऊन सांगते."

शाळा सुटल्यावर तशीच भिजत गेले. दुकानात गिऱ्हाइके होती. बरेच झाले. त्यांच्यासमोरच म्हटले, "काका, माझी चूक झाली. बँकेने माझे पैसे परत केले. हे तुमचे ८४०. तुम्ही मला फसवलं नव्हतं."

काकांनी पैसे घेतले, मोजले आणि गल्ल्यात टाकले. मग म्हणाले, "बाई, त्या दिवशी पैशांचं एवढं नाही वाटलं. चार माणसांत बोललात, त्याचं वाटलं."

मी मान खाली घातली. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "चूक माझीही थोडी आहे. 'परत टाका' म्हणायची घाई मी केली. आता मी गिऱ्हाइकांना सांगतो, पाच मिनिटं थांबा, मग बघू."

तर बालमित्रांनो, तुमच्या घरी असे झाले, तर काय करायचे? फोनवर चक्र फिरत राहिले, तर लगेच दुसऱ्यांदा पैसे टाकायचे नाहीत. थोडे थांबून व्यवहार पूर्ण झाला, फसला की प्रलंबित आहे, ते पाहायचे. दोनदा गेलेच, तर दोन्ही व्यवहारांचे बारा आकडी क्रमांक लिहून ठेवायचे आणि दुकानदाराला नीट विचारायचे, "तुमच्याकडे किती वेळा आले, बघता का?" त्यांच्याकडे दोनदा आले असतील, तर बिल दाखवून एका वेळचे परत मागायचे. तो आपला हक्कच आहे. एकदाच आले असतील, तर पाच दिवस वाट पाहायची आणि नाहीच आले, तर बँकेत लेखी तक्रार द्यायची. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येते. दुकानदारच ऐकत नसेल, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

आणखी एक. "तुमचे पैसे परत करतो, पिन सांगा" असा फोन आला, तर तो चोराचा समजा. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, तो देण्यासाठी लागतो. हे आजी-आजोबांना नक्की सांगा हं!

आणि जास्तीचे पैसे आपल्याकडे आले तर? १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याचे ७२ वे कलम सांगते, की चुकून मिळालेले पैसे परत करायलाच हवेत. दीडशे वर्षांचा जुना नियम आहे हा. दुकानदाराने सुटे जास्त दिले, तरी तोच.

आमच्या फळ्यावर आता चार नियम आहेत. चौथा त्या मागच्या बाकावरच्या मुलीने सांगितला आणि तिच्याच हाताने लिहिला : "आधी विचारा, मग रागवा."

तिच्या चित्रकलेच्या वहीत पहिलेच चित्र आहे ते घाटातल्या गाडीचे. पावसात उभी असलेली. डब्यांच्या खिडक्यांतून दहा-दहाच्या नोटा बाहेर डोकावताहेत!

तुमच्याच बाई