जुन्या जीपचा ऑइल पंप
जुन्या महिंद्रा सीजे जीपच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनात ऑइल पंप ब्लॉकच्या डाव्या अंगाला बाहेरून बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टच्या गिअरवर चालतो. तापलेल्या इंजिनात आयडलिंगला दाब १० पौंडांच्या, वेगात ३५ पौंडांच्या आसपास असावा. गिरगावच्या गर्दीत गाडी बराच वेळ आयडलिंगवरच असते, म्हणून पहिल्या आकड्याकडे अधिक लक्ष हवे. काटा उतरताच पंपाला दोष देणे घाईचे. आधी दुसरा गेज लावावा, मग रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग पाहावी. बेअरिंग झिजली असतील तर नवा पंपही दाब धरत नाही.

पंप बदलताना खरी मेख टायमिंगची. डिस्ट्रिब्युटर याच पंपाच्या शाफ्टवर फिरतो. एक दात चुकला की टायमिंग बिघडते. म्हणून पहिला पिस्टन फायरिंगच्या टीडीसीवर आणून रोटरच्या दिशेची खूण करावी, त्यानंतरच बोल्ट सोडावेत. नवा पंप तेलाने भरूनच बसवावा, कोरडा पंप तेल ओढत नाही.

गिरगावजवळच्या चोरबाजारात जुने पंप मिळतात. झाकण उघडून आतले चरे पाहिल्याशिवाय मात्र ते घेऊ नयेत.